तुमच्या डोळ्यात कुणी बघितलं नाही

आक्का,

तुम्हाला नेलं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. रडत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. कुणी तुमच्या हातच्या ताकाची आठवण काढत होती, कुणी तुमच्या शिव्यांची. पण तुमच्या तोंडाकडं एकही बघत नव्हती. पायांवर डोकं टेकायचं आणि खाली मान घालून बाजूला व्हायचं. कुंकू लावायला पुढं झालेल्या शेजारच्या काकूंनी तर स्वतःचे डोळे गच्च मिटून तुमचं कपाळ चाचपलं आणि कुंकू भुवईवर टेकवलं. तुमचे डोळे मिटलेले होते, एकावर दवाखान्यातली पट्टी होती, तरी त्यांना वाटत होतं की बघितलं तर तुमचं दुखणं आपल्याला लागेल. मला इतका राग आला की रडणंच थांबलं. काकूंना बाजूला सारून मी ते कुंकू पुसलं आणि कपाळाच्या मधोमध लावलं, ठसठशीत, तुम्ही लावायचात तसं.

पण खरं सांगते, भीती मलाही वाटत होती. हे बघून लागत नाही, शिवून लागत नाही, असं डॉक्टरांनी कितीदा तरी सांगितलं होतं. डोक्याला ते पटलं होतं. तरी कपाळावरून बोट खाली घसरलं तेव्हा मी ते झटकन मागं घेतलं. तुम्ही जिवंत असता तर म्हणाला असता, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, मंगे."

तुमचं तेरावं परवा झालं. दादा ओट्यावर बसून असतात. तुमचे मालक असूनही तुम्ही आजारी पडेपर्यंत एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी चार वाक्यं बोलले नव्हते, थोरले दीर म्हणून. आता रोज जेवायला बोलवताना बोलावं लागतं. लष्करातून रिटायर झालेला माणूस, कुणापुढं वाकला नाही, तो आता "किती वाढू?" विचारलं की "काय बी" म्हणतो. गोठ्यात चांदी म्हैस मला धार देत नाही, पान्हा चोरते. आणि मी रोज सकाळी उठले की डावा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचते, मग उजवा झाकून वाचते. मगच चूल पेटवते. शुगर मलाही आहे ना.

मला भीती वाटते, आक्का. तुम्ही गेल्याचं दुःख आहेच, पण ते कधीतरी डोळ्यांतून वाहून जातं आणि जरा हलकं वाटतं. ही भीती जात नाही. अंगात जरा कणकण आली की मी गार पडते. बरगडीखाली गॅसनं दुखलं तरी मला तुमचा चेहरा दिसतो.

या घरात मी आले तेव्हा तुम्ही आधीच इथल्या झाला होता. मी कोरेगावच्या पेठेत वाढलेली, दूध म्हणजे पिशवीतून येतं एवढंच मला माहीत. तुमचं माहेर माण तालुक्यातलं, लहानपणी मेंढरांमागं उघड्या माळावर झोपलेल्या तुम्ही. पहिल्या दिवशी म्हशीनं नुसती मान हलवली आणि मी बादली टाकून पळाले, तेव्हा तुम्ही हसून हसून गव्हाणीत बसलात. "पेठेतली हाय गं बया, हिला म्हशीपेक्षा वजनकाट्याची वळख," असं सासूबाईंना सांगितलंत. मग मला परत आणून त्याच म्हशीखाली बसवलंत आणि माझ्या हातावर हात ठेवून धार काढायला लावली. तेव्हापासून आपण दोघी रोज पाठीला पाठ लावून धारा काढत आलो. तुम्ही चांदीखाली, मी बाजूच्या म्हशीखाली. तोंडं विरुद्ध दिशेला आणि बोलणं अखंड. आपली सगळी भांडणं तशीच झाली, एकमेकींकडं न बघता. बरं व्हायचं ते. तोंड दिसत नसलं की माणूस खरं बोलतो आणि भांडण धारेबरोबर संपतं.

एकच भांडण संपलं नाही, ते गुळाच्या चहाचं. गावात तपासणीचं शिबिर झालं, त्यात आपल्या दोघींना शुगर निघाली. मी रडले, तुम्ही हसलात. मी गोळ्या सुरू केल्या, चहा बिनसाखरेचा केला. तुम्ही गोळी घ्यायची ती मनात आलं तर, आणि चहा गुळाचा. "आवं आक्का, गूळ पण साखरच हाय," मी म्हणायची. "जा गं, साखर कारखान्यातली. गूळ आपल्या रानातल्या उसाचा, आपल्याच गुऱ्हाळातला. घरच्या मालानं कसली शुगर वाढती?" असं म्हणून तुम्ही कपभर जास्तीचा ओतून घ्यायचात. मी चिडायची. तुम्ही मुद्दाम फुर्र फुर्र आवाज करून प्यायचात. त्या आवाजासाठी आता मी स्वतः गूळ घालून द्यायला तयार आहे, आणि तसं मनात आलं की स्वतःचीच भीती वाटते.

यंदाच्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. शाळेतून सुरू झाली आणि घराघरांत शिरली. गल्लीत त्या काळात खरी सत्ता तुमचीच होती. ज्याचे डोळे आले त्यानं घराबाहेर पडायचं नाही, पडला तर गॉगल लावायचा, आणि बाकीच्यांनी त्याच्या डोळ्यात चुकूनसुद्धा बघायचं नाही. बघितलं की लागलंच. तुमचा कायदा. अंगणवाडीतल्या बाई सांगायला आल्या, की बघून काही होत नाही, हात धुवा, रुमाल वेगळा ठेवा. त्यांच्यासमोर तुम्ही मान डोलावलीत आणि त्या वळल्यावर म्हणालात, "हिचं आलं नसतील अजून." माझे आले तेव्हा तर तुम्ही मला वैरणीच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं. जेवणाचं ताट मागून सरकवायचात. "वळलीस तर कानाखाली वाजवीन." मी म्हणायची, "कान दिसायला तरी बघावं लागंल की तुमाला." आपण दोघी पाठमोऱ्या हसायचो.

साथ ओसरली. मग एका सकाळी चांदीनं तुम्हाला लाथ मारली. फार जोराची नव्हती, माझ्यादेखत झाली होती. तुम्ही बरगडीवर हात दाबून उठलात. त्यानंतर रोज उजवी बाजू दाबत चालू लागलात. मी विचारलं, तर म्हणालात, "म्हशीची लाथ हाय, महिनाभर दुखणारच." ताप आला. "पावसाचं दिस हाईत." जेवण तुटलं. "तापानं तोंडाची चव गेली." प्रत्येक दुखण्याला तुमच्याकडं एक कारण तयार असायचं, आणि सगळी कारणं अगदी पटण्यासारखी. घरात कुणालाच वाटलं नाही की यात काही जोडलेलं असेल. तुम्ही तर सगळंच अंगावर काढायचात.

मग उजवा डोळा लाल झाला.

तुमचा मुलगा नेमका तेव्हाच पुण्याहून सुट्टीला आला होता, सून आणि तान्ही नात घेऊन. त्या नातीसाठी तुम्ही वर्षभर झुरत होता. ती घरात आली आणि तुम्ही स्वतःचाच कायदा स्वतःला लावलात. दादांचा लष्करातला काळा गॉगल चढवलात आणि भिंतीकडं तोंड करून बसलात. "पोरीला माज्याजवळ आणू नगा. कुणी माज्याकडं बघू नगा." नात दुसऱ्या खोलीत रडायची आणि तुम्ही भिंतीला तोंड लावून अंगाई म्हणायचात, जरा मोठ्यानं, तिला ऐकू जावी म्हणून. मेडिकलमधून डोळे आल्याचे थेंब आणले. ते तुम्ही स्वतःच घालायचात. कुणाला जवळ येऊ देत नव्हता.

गोठ्यात आपली पाठीला पाठ होतीच. मी विचारलं, "आक्का, दुसरा न्हाई का आला?"

"येईल की. डोळं येत्यात ती जोडीनं."

आणि आपण दुसरा डोळा यायची वाट बघत बसलो. आता आठवलं की माझं धाबं दणाणतं. दुसरा डोळा आला नाही म्हणून काहीतरी वेगळं आहे, असं घरात एकालाही सुचलं नाही. दुसरा लाल झाला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं, बघा, नेहमीचंच आहे म्हणून.

तुम्ही गोठ्याच्या खांबाला धडकलात. बादली खाली असताना दुधाची धार बाहेर गेली. "गॉगलनं दिसंना," म्हणालात. बरोबरच होतं, काळ्या गॉगलमधून पहाटे काय दिसणार? तो गॉगल सगळ्याचंच कारण झाला होता.

एके सकाळी धार काढता काढता तुम्हाला हुडहुडी भरली. पाठीला पाठ असल्यानं मला ती आधी माझ्या अंगात जाणवली. मी वळेपर्यंत तुम्ही बाजूला कलंडला होता आणि गॉगल शेणात पडला होता. मी गॉगल उचलला, पदरानं पुसला, आणि सवयीनं मान दुसरीकडं करून तुमच्याकडं धरला. तुम्हाला तो सापडेना. तुमचा हात हवेत चाचपडत होता, माझ्या हातापासून वीतभर लांब. तेव्हा मी बघितलं.

डोळा सुजून अर्धा मिटला होता. उघड्या फटीतून बुब्बुळ दिसत होतं आणि बुब्बुळाच्या खालच्या कडेला पांढरट थर बसला होता, गार झालेल्या दुधावर साय धरते तसा. डोळ्याच्या बाहेर नव्हता तो, पुसता येण्यासारखा नव्हता. आत होता. मी केवढ्यानं ओरडले! म्हशी बिथरल्या. आणि तशा अवस्थेत तुम्ही मलाच रागावलात. "बघितलंस न्हवं? आता उद्या तुजं येत्यात का न्हाई बघ."

कराडच्या डोळ्याच्या डॉक्टर तरुण होत्या, आपल्या सुनेएवढ्या. मशीनच्या पट्टीवर तुमची हनुवटी टेकवून त्यांनी आत बघितलं. खूप वेळ बघितलं. इतक्या दिवसांत तुमच्या डोळ्यात कुणीतरी पहिल्यांदाच इतका वेळ बघत होतं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. ताप कधीपासून? शुगर आहे का? डोळ्याला काही लागलं होतं का, ऑपरेशन झालं होतं का? पोटात दुखतं का? दादांचा संयम सुटला. "मॅडम, डोळ्याचं बघा की. पोटाचं आमी गावात बघतो." त्यांनी दादांकडं लक्ष दिलं नाही. उठून आल्या आणि तुमच्या उजव्या बरगडीखाली हलकेच दाबलं. साप बघूनही ज्यांच्या तोंडून कधी हाय निघाली नाही त्या तुम्ही "आई गं" म्हणून खुर्चीतून निम्म्या उठलात.

"म्हशीनं लाथ मारली हुती हो," मी घाईनं सांगितलं.

"लाथ मारली त्याच्या आधी दुखत नव्हतं?"

तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "व्हय. आदीपासनं दुखत हुतं. म्हशीवर ढकललं मी."

दादा तुमच्याकडं बघतच राहिले. मीही. का आक्का? दवाखान्यात नेतील म्हणून? नात यायची होती म्हणून? की तुम्हालाही भीती वाटत होती आणि ती लपवायला म्हशीएवढी मोठी जागा लागली? हे मला तुम्हाला विचारायचं होतं. पुढं मिरजेच्या दवाखान्यात वेळ होता, पण मी विचारलं नाही. आजारी माणसाची उलटतपासणी कशाला, असं वाटलं.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर घेऊन सांगितलं, की हे डोळे येणं नाही. डोळ्याच्या आत पू झालाय. बाहेरून आत जायला जखम नाही, म्हणजे तो शरीरातूनच आलाय, रक्तावाटे. मूळ कुठंतरी दुसरीकडं आहे. "असं फार क्वचित होतं," त्या म्हणाल्या, "पण शुगर वाढलेली असेल तर होऊ शकतं. आता घाई करायला लागेल." क्वचित हा शब्द मी तेव्हापासून इतक्यांदा ऐकला आहे की त्याची मला चीड आली आहे. ज्याच्या घरात घडतं त्याला क्वचित म्हणजे काय? त्याच्या घरात तर ते सगळ्या खोल्यांतून फिरत असतं.

सोनोग्राफीत सापडलं. लिव्हरमध्ये मोठं गळू. दादांनी तुम्हाला समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हंजी कलेजी. सरळ बोला की." शुगर मोजली, तर तिथल्या पोरानं यंत्र बिघडलंय समजून परत मोजली. तिथून मिरजेला ॲम्ब्युलन्समधून निघालो. ते कराड ते मिरज मी कसं काढलं ते मला सांगता येणार नाही. तुमच्या पायाशी बसून मी तुमच्या पायाचा अंगठा धरून ठेवला होता. वाटेत माझ्या मनात एकच चाललं होतं. ते काहीतरी या बाईच्या रक्तात फिरतंय. आत्ता, या क्षणी फिरतंय. बरगडीखालून निघालं आणि डोळ्यात जाऊन बसलं, आता पुढं कुठं जाईल? साप असता तर निदान दिसला असता. तुम्ही त्याला काठीनं हाकलला असता आणि मी गव्हाणीवर उभी राहून ओरडले असते, नेहमीसारखी.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात तुमच्या पोटात नळी घातली, डोळ्यात इंजेक्शन दिलं. डोळ्यात! मी दाराबाहेर उभी राहून कान झाकून घेतले. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नव्हते, म्हणून दादा बाहेर व्हरांड्यात आणि मी तुमच्या खाटेखाली सतरंजीवर. तिथं पहिल्यांदा आपण समोरासमोर राहिलो. इतकी वर्षं एका घरात काढली आणि तुमच्या हनुवटीवर गोंदण आहे त्यातला एक ठिपका पुसट आहे, हे मला मिरजेत कळलं.

उजवा डोळा गेला होता. ते डॉक्टरांनी दादांना आणि मला सांगितलं. उजेडसुद्धा कळत नाही, म्हणाले. मग म्हणाले, "डाव्याकडं लक्ष ठेवा. रक्तातून एकात गेलंय, दुसऱ्यातही जाऊ शकतं. धूसर दिसतंय म्हणाल्या तर लगेच आम्हाला सांगा." आम्ही तुम्हाला काहीच सांगितलं नाही. ठरवून असं नाही, पण दादांनी ते माझ्यावर सोडलं आणि मी दादांवर. तुम्हीच एकदा पेज पिता पिता म्हणालात, "मंगे, एका डोळ्यानं म्हस दिसती की. एवढं थोरलं धूड हाय." मी पेजेचा पुढचा चमचा तुमच्या ओठांना लावला.

तेव्हापासून सकाळची ती परीक्षा सुरू झाली. सिस्टर बीपी बघून गेल्या की मी समोर उभी राहायची आणि बोटं दाखवायची. "आक्का, किती?" तुम्ही सांगायचात. कधी तीन, कधी एक, कधी पंजा. तुमचं उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला. बरोबर आलं की मी चहा आणायला खाली जायची. तुम्हाला त्याची गंमत वाटायला लागली होती. "मास्तरीण आली," म्हणायचात शेजारच्या खाटेवरच्या बाईला. "रोज पास करती, पर वरच्या वर्गात घालत न्हाई."

मध्ये बरं वाटायला लागलं होतं. ताप उतरला. नळीतून येणारा पू कमी झाला. तुम्ही झाडूवालीला कोपरा राहिला म्हणून बोलून घेतलंत, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी जिन्यात जाऊन रडले. दादांना सांगितलं, "आक्कांनी शिवी दिली." दादा हसले. त्या दिवशी आम्ही दोघांनी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. नात परत पुण्याला गेली होती, तिचा फोटो सुनेनं मोबाईलवर पाठवला. तुम्ही तो डाव्या डोळ्याजवळ धरून बघितलात. "माज्यावर गेली. कपाळ बघ." मी म्हणाले, "कपाळ जाऊ दे, तुमचं तोंड आलं न्हाई म्हंजी मिळवली." तुम्ही नळी धरून हसलात आणि दुखलं म्हणून मला शिवी दिलीत. घरी गेल्यावर तुम्ही तिला मांडीवर घेणार होता, गॉगलबिगल काही न लावता. हे लागत नाही, हे तुम्हाला अखेर पटलं होतं. मी पटवलं म्हणाले, तुम्ही म्हणालात डॉक्टरनं. हाही वाद तसाच राहिला.

मग ताप परत चढला. मोठे डॉक्टर येऊन गेले, औषधं बदलली. तुम्ही कमी बोलायला लागलात. पाणी देताना ग्लास तुमच्या हातात नेऊन द्यावा लागला, तेव्हा मी मनाला सांगितलं, अशक्तपणा आहे. पाहा, आपली सवय. कारण तयार.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. ज्या दुपारी तुम्हाला आयसीयूत हलवलं त्यानंतर तुमच्या तोंडात नळी होती आणि तुम्ही बोलला नाहीत. आम्हाला दारातून बघू द्यायचे. दादा रोज दारात ताठ उभे राहायचे, परेडला उभे राहावेत तसे, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकायचे. डाव्या डोळ्यातही गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचं आता बाजूला ठेवू, आधी जीव. मग जीवही राहिला नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी पाणी भरायला खाली गेले होते. वर आले तर दादा मला बघून उभे राहिले. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यात बघितलं, आणि मला कळलं.

गल्लीतल्या बायका अजून पोरांना आपल्या ओट्यावर येऊ देत नाहीत. मी आता भांडते त्यांच्याशी. तुमच्यासारखं कंबरेवर हात ठेवून भांडते. सांगते, की नुसता डोळा लाल असेल तर असेल साथीचा, पण एकच असेल, दुखत असेल, अंधुक दिसत असेल, वर ताप असेल, तर बघा. आत बघा. तोंड फिरवू नका, डॉक्टरकडं घेऊन पळा. काकू म्हणाल्या, "मंगल लय बोलाया लागली." भीत भीतच बोलते, पण बोलते. तुमच्यासमोर मला कधी बोलायची गरज पडली नाही. माझ्या वाटणीचं धाडस तुम्हीच करून टाकायचात, आणि त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. जावा जावांत असं कुणी म्हणतं का? आता म्हणते. तुम्ही होता म्हणून मला या घरात भित्री राहता आलं.

एक राहिलंय. ते दादांनाही सांगितलेलं नाही.

आयसीयूत नेलं त्या दिवशीची सकाळ. सिस्टर बीपी बघून गेल्या. खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं, थेट तुमच्या उशीवर. मी नेहमीसारखी समोर उभी राहिले. रात्रभर तुमचं अंग भाजत होतं आणि मला कळून चुकलं होतं, की आज उत्तर चुकणार. मला ते ऐकायचं नव्हतं. माझे दोन्ही हात पदराखाली एकमेकांत घट्ट धरलेले होते, ते सुटेनात. तोंडातून मात्र सवयीनं निघून गेलं, "आक्का, किती?"

तुम्ही माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलंत. जराही वेळ घेतला नाहीत.

"दोन," म्हणालात. "आन् थरथरत्यात बघ कशी. अगं, दिसतंय मला समदं. भिऊ नगंस."

मी म्हणाले, "बरोबर, आक्का. दोनच हाईत." आणि डॉक्टरांना हाक मारत पळत सुटले.

मी एकही बोट वर केलं नव्हतं, आक्का.